कार्ल फॉन फ्रिश

कार्ल रिटर फॉन फ्रिश (२० नोव्हेंबर १८८६ – १२ जून १९८२) हे ऑस्ट्रियात जन्मलेले व जर्मनीत दीर्घकाळ अध्यापन केलेले प्राणिशास्त्रज्ञ होते. अन्नाच्या शोधात बाहेर पडलेली मधमाशी पोळ्यात परतल्यावर त्या अन्नाची दिशा व अंतर इतर माश्यांना नृत्याच्या द्वारे कळवते, हा शोध त्यांच्या नावावर आहे. मधमाश्यांना रंग दिसतात, माशांना ऐकू येते आणि कीटकांना आकाशातील ध्रुवित प्रकाशावरून दिशा कळते, या गोष्टीही त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केल्या. प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनासाठी १९७३ साली त्यांना कोनराड लोरेन्झ व निकोलास टिनबर्गेन यांच्यासह शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

घराणे आणि बालपण

फ्रिश यांचा जन्म व्हिएन्ना येथे झाला. त्यांचे वडील आंटोन फॉन फ्रिश हे शल्यचिकित्सक होते. आई मारी ही एक्सनर घराण्यातील. या घराण्यात विद्येची परंपरा होती. मारी यांचे वडील फ्रान्झ एक्सनर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि भाऊ सिग्मुंड एक्सनर हे कीटकांच्या संयुक्त नेत्रांवर मूलभूत काम करणारे शरीरक्रियावैज्ञानिक होते. चार भावांमध्ये कार्ल सर्वांत धाकटे होते.

ऑस्ट्रियातील वोल्फगांग सरोवराच्या काठी, सांक्ट गिल्गेन गावाजवळ, ब्रुनविंकल नावाची लहानशी वस्ती आहे. तेथील जुनी पाणचक्की व आसपासची घरे फ्रिश कुटुंबाने घेतली होती आणि उन्हाळ्यात सारे नातलग तेथे एकत्र येत. लहानग्या कार्लला प्राणी पाळण्याचा विलक्षण नाद होता. पक्षी, मासे, सरडे, कीटक असे जे सापडेल ते तो घरी आणी आणि त्यांच्या नोंदी ठेवी. आईने या छंदाला कधी आडकाठी केली नाही. तासन्‌तास स्तब्ध बसून एखाद्या प्राण्याकडे पाहत राहण्याची सवय त्याला याच काळात लागली. पुढील आयुष्यात फ्रिश यांनी मधमाश्यांवरील आपले बरेचसे महत्त्वाचे प्रयोग याच ब्रुनविंकलमध्ये केले.

शिक्षण

वडिलांच्या इच्छेनुसार फ्रिश यांनी १९०५ साली व्हिएन्ना विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. तेथे मामा सिग्मुंड एक्सनर यांच्या हाताखाली त्यांनी कीटक व कोळंबीवर्गीय प्राण्यांच्या डोळ्यांतील रंगद्रव्यांचा अभ्यास केला. या कामाची गोडी लागली, तसा वैद्यकातील रस कमी होत गेला. अखेर वैद्यक सोडून ते म्युनिक येथे रिचर्ड हेर्टविग यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकण्यास गेले. व्हिएन्नास परत येऊन मिनो या गोड्या पाण्यातील लहान माशाच्या रंगबदलावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९१० साली डॉक्टरेट मिळवली. या माशाच्या कपाळावरील एक लहानसा भाग प्रकाशसंवेदी असतो व डोळे निकामी झाले तरी त्या भागावर प्रकाश पडताच त्वचेचा रंग बदलतो, असे त्यांना या अभ्यासात आढळले. त्याच वर्षी ते हेर्टविग यांचे साहाय्यक म्हणून पुन्हा म्युनिकला गेले.

रंगदृष्टीचा वाद

त्या काळी म्युनिकमधील कार्ल फॉन हेस या ख्यातनाम नेत्रतज्ज्ञाने असा सिद्धान्त मांडला होता की, मासे आणि सर्व अपृष्ठवंशी प्राणी पूर्णतः रंगांध असतात. त्यांना केवळ उजेडाची कमी-अधिक तीव्रता जाणवते. हा सिद्धान्त खरा मानला, तर फुलांचे रंग कोणासाठी, हा प्रश्न अनुत्तरित राहत होता. मकरंद व पराग गोळा करणाऱ्या कीटकांना फुले दुरून ओळखता यावीत म्हणून ती रंगीत असतात, ही समजूत त्यामुळे निराधार ठरत होती. पंचविशीतील फ्रिश यांनी प्रथम माशांवर आणि नंतर मधमाश्यांवर प्रयोग करून या मताला आव्हान दिले.

मधमाश्यांवरील त्यांचा प्रयोग साधा, पण पक्का होता. एका टेबलावर फिकट ते गडद अशा करड्या रंगच्छटांचे अनेक चौकोनी कागद मांडायचे आणि त्यांच्यात एकच निळा कागद ठेवायचा. प्रत्येक कागदावर काचेची छोटी बशी ठेवायची, मात्र साखरपाणी फक्त निळ्या कागदावरील बशीत घालायचे. कागदांच्या जागा वरचेवर बदलायच्या, म्हणजे माश्यांना जागा लक्षात ठेवून उपयोग नाही. काही वेळाने सर्व बश्या रिकाम्या ठेवल्या, तरी माश्या निळ्या कागदावरच येऊन बसत. माश्या रंगांध असत्या, तर करड्या रंगाच्या एखाद्या छटेशी निळ्याची गल्लत त्यांनी केली असती. तशी ती झाली नाही. पिवळ्या रंगाच्या बाबतीतही असाच अनुभव आला. लाल रंग मात्र माश्यांना गडद करड्या किंवा काळ्या रंगापासून वेगळा ओळखता आला नाही. हे संशोधन १९१४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे आल्फ्रेड क्यून यांनी मधमाश्यांना अतिनील प्रकाश दिसतो हे दाखवले, तेव्हा माणसाच्या व मधमाशीच्या रंगसृष्टीतील फरक अधिक स्पष्ट झाला.

पहिल्या महायुद्धात दृष्टिदोषामुळे फ्रिश यांना सैन्यात घेतले गेले नाही. त्यांनी व्हिएन्नामध्ये रुग्णालयातील जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेत काम केले. तेथेच त्यांची मार्गारेटे मोर या परिचारिकेशी ओळख झाली आणि १९१७ साली त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन मुली व एक मुलगा अशी अपत्ये झाली.

१९१९ सालचे निरीक्षण

रंगांच्या प्रयोगांत फ्रिश यांच्या ध्यानात एक गोष्ट वारंवार येत असे. साखरपाण्याची बशी कित्येक तास कोणी न येता पडून राही. पण एकदा का एका माशीला ती सापडली, की थोड्याच वेळात तेथे अनेक माश्या जमत. एका माशीमागून इतर माश्या अन्नाकडे येतात, हे ॲरिस्टॉटललाही ठाऊक होते. पण पोळ्याच्या अंधारात ही वार्ता पसरते कशी, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

युद्ध संपल्यावर म्युनिकला परतलेल्या फ्रिश यांनी १९१९ च्या वसंत ऋतूत एक निरीक्षणपेटी मिळवली. तिच्यात एकच पोळे काचेच्या दोन तावदानांमध्ये उभे असल्याने प्रत्येक माशी दिसू शके. संस्थेच्या अंगणात ही पेटी ठेवून त्यांनी बशीवर आलेल्या काही माश्यांवर लाल रंगाचे ठिपके दिले. नंतर बशी रिकामी राहू दिली. ठिपकेवाल्या माश्या पोळ्यात स्वस्थ बसल्या. मग बशी पुन्हा भरून ठेवली. एका माशीला ती सापडली. पोळ्यात परत येताच ती माशी लहानशा वर्तुळात, कधी उजवीकडून तर कधी डावीकडून, वेगाने फिरू लागली. भोवतालच्या ठिपकेवाल्या माश्या उत्तेजित होऊन तिच्या मागोमाग फिरल्या आणि लगेच बशीकडे उडाल्या. आपल्या आयुष्यातील सर्वांत दूरगामी निरीक्षण म्हणून फ्रिश यांनी पुढे याच प्रसंगाचा निर्देश केला आहे.

या वर्तुळ नृत्याखेरीज त्यांना दुसरेही एक नृत्य दिसले. त्यात माशी पोट डावी-उजवीकडे हलवत सरळ रेषेत थोडे अंतर चालते, मग अर्धवर्तुळ घेऊन मूळ जागी येते, पुन्हा तीच सरळ रेषा चालते आणि या वेळी दुसऱ्या बाजूने अर्धवर्तुळ घेते. या डोलनृत्याची आकृती इंग्रजी आठच्या अंकासारखी दिसते. साखरपाणी आणणाऱ्या माश्या वर्तुळ नृत्य करीत आणि फुलांवरून पराग आणणाऱ्या माश्या डोलनृत्य करीत, असे त्यांना आढळले. त्यावरून पहिले नृत्य मकरंदाची व दुसरे परागाची खबर देते, असा निष्कर्ष त्यांनी १९२३ साली मधमाश्यांच्या भाषेवरील आपल्या ग्रंथात मांडला. अन्नाची जागा शोधताना माश्या नाचणाऱ्या माशीच्या अंगावरील फुलांच्या गंधाचा आधार घेतात, असेही त्यांनी दाखवले. गंधाविषयीचा भाग बरोबर होता. दोन नृत्यांचा लावलेला अर्थ मात्र चुकीचा होता. तो दुरुस्त होण्यास दोन दशके लागली.

विद्यापीठीय कारकीर्द

फ्रिश १९२१ साली रोस्टॉक येथे आणि १९२३ साली ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे प्राध्यापक झाले. १९२५ साली त्यांना गुरू हेर्टविग यांच्या निवृत्तीनंतर रिक्त झालेले म्युनिकचे अध्यासन मिळाले. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने तेथे प्राणिशास्त्र संस्थेची नवी इमारत उभी राहिली.

या वर्षांत त्यांनी माशांच्या श्रवणशक्तीवर काम केले. माशांच्या कानात मानवी कानातील शंखासारखा भाग नसल्याने मासे बहिरे असतात, असे अनेक तज्ज्ञ मानत. फ्रिश यांनी दृष्टी नसलेला एक मार्जारमीन पाळला व त्याला खाद्य देण्यापूर्वी दर वेळी शीळ घालण्यास सुरुवात केली. काही दिवसांतच तो मासा नुसत्या शिळेवर आपल्या बिळातून बाहेर येऊ लागला. त्यांच्या या प्रयोगाने मासे ऐकतात हे सिद्ध झाले. जखमी मिनो माशाच्या त्वचेतून पाण्यात एक द्रव्य पसरते व त्यामुळे सारा थवा घाबरून दूर पळतो, हा शोधही त्यांनी १९३८ साली जाहीर केला.

मधमाश्यांवरील कामही चालू होते. माश्यांची चव ओळखण्याची क्षमता त्यांनी तपासली. त्यांची विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग हिने १९२९ साली असे दाखवले की, रोज ठरावीक वेळी खाद्य ठेवले, तर माश्या नेमक्या त्याच वेळी ते घेण्यास येतात. अन्न कोठे आहे याप्रमाणेच ते केव्हा मिळते, हेही मधमाशी लक्षात ठेवते, असा याचा अर्थ होता. अनेक फुलांत मकरंद दिवसाच्या ठरावीक वेळीच अधिक असतो. त्यामुळे ही क्षमता माश्यांना व्यर्थ फेऱ्यांपासून वाचवते.

नाझी राजवटीतील काळ

१९३३ साली नाझी पक्ष सत्तेवर आल्यानंतर सरकारी सेवेतील प्रत्येकाला आपल्या वंशाचा पुरावा द्यावा लागे. फ्रिश यांच्या आईची आई मूळच्या यहुदी घराण्यातील होती. तिच्याविषयीचा निर्णायक पुरावा बरीच वर्षे पुढे आला नव्हता. दरम्यान विद्यापीठातील नाझी गटाने त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. यहुदी साहाय्यकांना आश्रय देणे हा त्यांच्यावरील एक आक्षेप होता. पोलंड व्यापल्यानंतर जर्मनांनी क्राकोव्ह विद्यापीठातील प्राध्यापकांना अटक केली, तेव्हा त्यांपैकी काहींच्या सुटकेसाठी फ्रिश यांनी खटपट केली.

या काळातील त्यांच्या लेखनाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी नोंदवली आहे. सामान्य वाचकांसाठी १९३६ साली लिहिलेल्या जीवशास्त्रावरील पुस्तकात त्यांनी आनुवंशिक दोष असलेल्यांच्या प्रजननावर मर्यादा घालण्याच्या तत्कालीन विचारास अनुकूल मजकूर लिहिला होता. ज्या राजवटीने वंशाच्या नावाखाली त्यांना पदच्युत करण्याचे ठरवले, तिच्या धोरणाशी हा मजकूर जुळणारा होता.

१९४१ च्या आरंभी मंत्रालयाने फ्रिश यांना एक-चतुर्थांश यहुदी ठरवले आणि सक्तीच्या निवृत्तीची सूचना दिली. सहकारी व हितचिंतकांनी त्यांच्यासाठी अर्ज-विनंत्या केल्या. पण त्यांचे पद टिकण्यास मधमाश्यांवरील एक रोग कारणीभूत झाला. नोसेमा नावाचा सूक्ष्म परजीवी मधमाशीच्या आतड्यात वाढतो आणि वसाहती दुर्बळ करून नष्ट करतो. १९४० नंतरच्या दोन वर्षांत या रोगाने जर्मनीतील काही लाख वसाहती दगावल्या. युद्धकाळात अन्नटंचाई तीव्र होती. मध हा त्यातला लहान भाग. खरी चिंता परागीभवनाची होती. फळबागा, तेलबिया व चाऱ्याच्या पिकांचे बी मधमाश्यांवर अवलंबून असते. अशा वेळी मधमाश्यांच्या सर्वांत मोठ्या जाणकाराला घरी बसवणे अन्न मंत्रालयास परवडणारे नव्हते. नोसेमावरील संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे देण्यात आली आणि १९४२ साली त्यांची निवृत्ती युद्ध संपेपर्यंत पुढे ढकलण्यात आली.

नोसेमावर निर्णायक उपाय या संशोधनातून हाती लागला नाही. परिणामकारक औषध युद्धानंतरच्या काळात, अन्य देशांतील संशोधनातून आले. मात्र फ्रिश यांच्याकडे याच सुमारास आणखी एक काम सोपवण्यात आले. ते म्हणजे मधमाश्यांना हव्या त्या पिकाकडे वळवण्याचे. सोव्हिएत संघात असे प्रयत्न आधीच झाले होते. साखरपाण्याला विशिष्ट फुलाचा गंध देऊन ते पोळ्याजवळ ठेवले, तर माश्या त्याच फुलांचा शोध घेऊ लागतात, हे तत्त्व त्यामागे होते. लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाला माश्या एरवी फारशा भेट देत नाहीत. त्याचे बी वाढवण्यासाठी ही युक्ती उपयोगी पडू शकत होती.

१९४४ साली बॉम्बवर्षावात म्युनिकमधील संस्थेची इमारत व फ्रिश यांचे घर यांची हानी झाली. त्यांनी आपले काम व साहाय्यक ब्रुनविंकलला हलवले.

नृत्याचा उलगडा

नृत्याचा खरा अर्थ पिकांसाठी हाती घेतलेल्या या प्रयोगांतूनच उघड झाला. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रिश व त्यांचे सहकारी गंधयुक्त साखरपाण्याची बशी कधी पोळ्याजवळ, तर कधी शेकडो मीटर दूर ठेवून पाहत होते. जुन्या समजुतीप्रमाणे माश्यांनी गंध हुंगत आधी पोळ्याभोवती व मग हळूहळू दूरवर शोध घ्यायला हवा होता. पण बशी दूर असताना नव्याने शोधास निघालेल्या माश्या जवळच्या गंधपट्टीकडे दुर्लक्ष करून दूरच्याच भागात जमत. याचा अर्थ पोळ्यातून निघतानाच त्यांना अंतराची कल्पना मिळालेली होती.

मग पूर्वीच्या चुकीचे कारण ध्यानात आले. फ्रिश यांनी साखरपाण्याची बशी सोयीसाठी नेहमी पोळ्याजवळ ठेवली होती, तर पराग आणणाऱ्या माश्या दूरच्या फुलांवरून येत होत्या. नृत्यातील फरक मकरंद व पराग यांचा नव्हता; जवळ व दूर यांचा होता. बशी दूर नेताच साखरपाणी आणणाऱ्या माश्याही डोलनृत्य करू लागल्या. वीस वर्षे पाठ्यपुस्तकांतही शिरलेला आपला निष्कर्ष फ्रिश यांनी स्वतःच रद्द केला.

१९४५ च्या उन्हाळ्यात, युद्ध नुकतेच संपले असताना, दिशेचा उलगडा झाला. शोधास निघालेल्या माश्या सर्व दिशांना न पांगता बशीच्या दिशेलाच अधिक संख्येने आढळत. निरीक्षणपेटीत पाहता, एकाच बशीवरून येणाऱ्या माश्यांच्या नृत्यातील सरळ रेषा दिवस जाईल तशी हळूहळू वळत असल्याचे दिसले. ती सूर्याच्या गतीबरोबर वळत होती. हे निष्कर्ष १९४६ साली प्रसिद्ध झाले.

नृत्याचे स्वरूप

पोळे उभे असते आणि आत अंधार असतो. त्यामुळे नाचणारी माशी सूर्याची दिशा गुरुत्वाकर्षणाच्या आधारे सांगते. सूर्य ज्या दिशेला आहे, ती दिशा पोळ्यावर सरळ वरची मानली जाते. अन्न सूर्याच्या दिशेला असेल, तर डोलत चालण्याची सरळ रेषा वरच्या बाजूस जाते. सूर्याच्या विरुद्ध दिशेला असेल, तर खालच्या बाजूस. अन्न सूर्याच्या डावीकडे ६० अंशांवर असेल, तर रेषा उभ्या रेषेच्या डावीकडे ६० अंशांचा कोन करते.

अंतर नृत्याच्या गतीवरून कळते. फ्रिश यांच्या मोजणीत अन्न सुमारे १०० मीटरवर असताना माशी १५ सेकंदांत ९ ते १० फेऱ्या पूर्ण करी. १,००० मीटरवर ही संख्या ४ ते ५ इतकी कमी होई आणि ६ किलोमीटरवर केवळ २ उरे. अन्न जितके दूर, तितकी डोलत चालण्याची वेळ अधिक. अन्न अगदी जवळ असेल, तर माशी केवळ वर्तुळ नृत्य करते आणि अचूक दिशा सांगत नाही. अन्न किती कसदार आहे, हे नृत्याच्या जोमावरून व ते किती वेळ चालते यावरून समजते. निकृष्ट अन्न सापडलेली माशी नाचतच नाही. यामुळे वसाहतीचे श्रम आपोआप चांगल्या ठिकाणाकडे वळतात. मागोमाग फिरणाऱ्या माश्या शृंगिकांनी नाचणारीला स्पर्श करतात, तिने आणलेल्या मकरंदाचा थेंब चाखतात आणि तिच्या अंगाचा गंध घेतात. दिशा व अंतर यांवरून त्या योग्य परिसरात पोहोचतात आणि शेवटचा शोध गंधाने पुरा करतात.

या प्रयोगांसाठी शेकडो माश्या एकमेकींपासून ओळखता येणे आवश्यक होते. त्यासाठी फ्रिश यांनी रंगांच्या ठिपक्यांची अंकलिपी बनवली. पाठीच्या पुढील भागावर पांढरा ठिपका म्हणजे १, लाल २, निळा ३, पिवळा ४ व हिरवा ५. मागील भागावर त्याच रंगांचे अर्थ ६, ७, ८, ९ व शून्य असे. या पद्धतीने सुमारे ६०० माश्यांना स्वतंत्र क्रमांक देता येत. कडा आडवा असल्याने माश्यांना वळसा घालून जावे लागते अशा ठिकाणीही त्यांनी बश्या ठेवल्या. तेव्हा माश्यांनी नृत्यात दिशा दाखवली ती सरळ रेषेतली, तर अंतर सांगितले ते प्रत्यक्ष उडालेल्या वळशाचे.

सूर्य ढगांआड किंवा डोंगराआड असतानाही माश्यांचे नृत्य बरोबर असते. निळ्या आकाशाचा लहानसा तुकडा दिसला, तरी त्यांना पुरतो. आकाशातून येणारा प्रकाश अंशतः ध्रुवित असतो आणि त्याचा आकृतिबंध सूर्याच्या स्थानावर अवलंबून असतो. आडव्या ठेवलेल्या पोळ्यावर ध्रुवक काच धरून ती फिरवली असता नृत्याची दिशाही बदलते, असे फ्रिश यांनी दाखवले. हे निष्कर्ष १९४९ साली प्रसिद्ध झाले. मानवी डोळ्यांना जवळपास न जाणवणारा प्रकाशाचा हा गुणधर्म मधमाश्या दिशा ठरवण्यासाठी वापरतात, ही बाब तेव्हा सर्वस्वी नवी होती.

शिष्य आणि आशियातील मधमाश्या

फ्रिश १९४६ ते १९५० या काळात ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठात होते. त्यानंतर ते म्युनिकला परतले आणि १९५८ साली निवृत्त झाले. त्यांच्या शिष्यांपैकी मार्टिन लिंडाउअर यांचे काम विशेष गाजले. रशियन आघाडीवर जखमी होऊन परतलेल्या या तरुण सैनिकाने फ्रिश यांचे व्याख्यान ऐकले आणि प्राणिशास्त्राकडे वळण्याचे ठरवले. १९४९ साली त्यांना एका थव्यावर नाचणाऱ्या माश्या धूळ व काजळीने माखलेल्या दिसल्या. या माश्या अन्नावरून आलेल्या नसून, बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या म्युनिकच्या इमारतींतून नव्या घरासाठी जागा पाहून आल्या होत्या. हेच नृत्य स्थलांतर करणारा थवा नवे घर निवडतानाही वापरतो, हे त्यावरून कळले.

लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत जाऊन आशियाई मधमाश्यांचा अभ्यास केला. महाराष्ट्रात सातेरी, आग्या आणि फुलोरी या नावांनी परिचित असलेल्या त्याच या तीन जाती होत. सातेरी माश्या पोकळीत, अंधारात पोळी बांधतात व युरोपीय माश्यांप्रमाणे नाचतात. आग्या माश्या उघड्यावरील मोठ्या उभ्या पोळ्यावर नाचतात. फुलोरी माश्या फांदीवर बांधलेल्या लहान पोळ्याच्या माथ्यावरील सपाट जागेत नाचतात आणि डोलण्याची रेषा थेट अन्नाच्या दिशेला धरतात. सूर्याची दिशा उभ्या पृष्ठभागावर उतरवण्याची त्यांची रीत नाही. नृत्याचे जुने, साधे रूप कसे असावे, याचा अंदाज या तुलनेतून बांधता आला.

आक्षेप आणि पडताळणी

कीटकासारखा प्राणी खुणांच्या भाषेत दूरच्या वस्तूची माहिती देतो, यावर सहज विश्वास बसण्याजोगी स्थिती नव्हती. केंब्रिजचे प्राणिवर्तनतज्ज्ञ विल्यम थॉर्प यांनी १९४८ साली ब्रुनविंकलला जाऊन प्रयोग स्वतः करून पाहिले. पुढील वर्षी फ्रिश यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली.

१९६७ पासून अमेरिकेतील एड्रियन वेनर व पॅट्रिक वेल्स यांनी गंभीर आक्षेप घेतला. नृत्यात माहिती असते हे त्यांना मान्य होते. इतर माश्या ती वापरतात हे मात्र सिद्ध झालेले नाही आणि त्या केवळ गंधाच्या मागे जातात, असे त्यांचे म्हणणे होते. या वादामुळे प्रयोग अधिक काटेकोर झाले. जेम्स गूल्ड यांनी १९७५ साली अशी योजना केली की, नाचणाऱ्या माशीचा संकेत व तिचे प्रत्यक्ष खाद्यस्थान यांत फरक पडावा. भरती झालेल्या माश्या नृत्याने दाखवलेल्या जागी गेल्या. डेन्मार्क व जर्मनीतील संशोधकांनी १९८९ साली नाचणाऱ्या कृत्रिम माशीच्या साहाय्याने माश्यांना ठरावीक दिशेला पाठवले. २००५ साली रडारच्या मदतीने उडत्या माश्यांचे मार्ग प्रत्यक्ष नोंदवण्यात आले. नृत्य पाहून निघालेल्या माश्या दर्शवलेल्या परिसराकडे सरळ जातात, असे त्यात दिसले. गंधाला महत्त्व आहे, पण दिशा व अंतराची माहितीही वापरली जाते, हे मत आज सामान्यतः स्वीकारले जाते. या संदर्भात भाषा हा शब्द कितपत योग्य, याविषयी मात्र मतभेद आहेत.

ग्रंथलेखन आणि सन्मान

फ्रिश सामान्य वाचकांसाठी सुबोध लिहीत. मधमाश्यांच्या जीवनावरील त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रथम निघाले आणि नव्या संशोधनानुसार त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. घरात राहणाऱ्या माशी, डास, पिसू, ढेकूण अशा जीवांवरही त्यांनी एक लहान पुस्तक लिहिले. १९५७ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मधमाश्यांच्या नृत्यभाषेवरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९६५ साली जर्मनमध्ये व १९६७ साली इंग्रजीत आला. विज्ञानाच्या लोकप्रसारासाठी युनेस्कोतर्फे दिले जाणारे व भारतातील बिजू पटनाईक यांच्या देणगीतून सुरू झालेले कलिंग पारितोषिक त्यांना १९५८ साली मिळाले. १९६२ साली बाल्झान पारितोषिक आणि १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या वयाची ८७ वर्षे पूर्ण होत आली होती.

अखेर आणि वारसा

पत्नी मार्गारेटे यांचे १९६४ साली निधन झाले. निवृत्तीनंतरही फ्रिश यांचे लेखन व संशोधन दीर्घकाळ चालू होते. १२ जून १९८२ रोजी म्युनिक येथे वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प्राणी अन्न कसे शोधतात, या विषयाच्या अभ्यासात फ्रिश यांच्या पद्धतीचे स्थान मूलभूत आहे. प्राण्याला काय दिसते, काय ऐकू येते व काय समजते, हे त्यालाच विचारायचे आणि उत्तर म्हणून तो अन्न कोठे शोधतो ते पाहायचे, हे त्या पद्धतीचे सूत्र होते. निळा कागद, शीळ आणि साखरपाण्याची बशी एवढ्या साधनांवर त्यांचे बहुतेक मोठे शोध उभे आहेत. आता संशोधक काचेच्या पोळ्यातील नृत्ये चित्रित करून मधमाश्या कोणत्या ऋतूत किती दूर जातात, कोणत्या भूभागात त्यांना अन्न मिळते व कोठे मिळत नाही, याचे नकाशे तयार करतात. शेती व वनांच्या बदलत्या स्वरूपामुळे परागीभवन करणाऱ्या कीटकांची उपासमार कोठे होत आहे, हे जाणण्याचे ते एक साधन झाले आहे.

फ्रिश यांनी पहिले नृत्य पाहिले, त्यानंतर त्याचा अर्थ लागेपर्यंत २५ वर्षे गेली. त्या काळात त्यांचे अध्यासन धोक्यात आले, संस्था उद्ध्वस्त झाली आणि त्यांचा स्वतःचा सिद्धान्त खोटा ठरला. बशी पोळ्यापासून दूर नेण्याची गरज निर्माण झाली ती उपाशी देशाच्या पिकांसाठी. आणि बशी दूर नेल्यावरच माश्या काय सांगतात ते कळले.